हाताला हात

सोमवार, ३ जुलै १९४४. बेडसे.

बिडीची आठवण आली की हातात टाक घ्यायचा, असं लोणावळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं आहे. एका हाताला दोन कामं होत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ही वही.

थुंकीत रक्त आलं ते गेल्या आठवड्यात, शाळेत, फळ्याकडे तोंड करून खोकताना. मुलांनी पाहिलं नाही. हिने पाहिलं, रुमाल धुताना. ही म्हणजे माझी बायको. आज पहाटे भाकऱ्या बांधून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "चला लोनावळ्याला." एरवी ती माझ्या मागून चालते. आज कामशेत स्टेशनापर्यंत ती पुढे होती.

डॉक्टरांनी बराच वेळ छातीवर नळी ठेवून ऐकलं. "क्षय नाही, मास्तर. पण त्याला यायला तुम्ही दार उघडून ठेवलंय. बिडी चालू ठेवलीत तर दोन पावसाळे. सोडलीत तर म्हातारे व्हाल."

हिने विचारलं, "सुटंल का वो ह्यांना?"

"एकट्याला सुटत नाही. घराने सोडवावी लागते."

परतताना गाडीत तिने भाकऱ्यांचं फडकं सोडून माझ्यापुढे ठेवलं. मग म्हणाली, "घर म्हंजे मीच की." आम्हाला मूल नाही.

बुधवार, ५ जुलै

आज खंडोबाच्या देवळात बेलभंडारा उचलून शपथ घेतली. कल्पना कोंडाजीची. कोंडाजी आणि मी एका वयाचे. वीस वर्षं संध्याकाळी देवळाच्या पायरीवर एकच चिलीम फिरवली. आता त्यानेच गाव गोळा केलं. सगळ्यांसमोर म्हणाला, "मास्तर मेले तर शाळा बंद पडंल आनि पोरं दिवसभर घरात. त्यापरीस मास्तर जगलेलं बरं."

गेणू गुरवाने माझ्या तळहातावर बेलाचं पान ठेवलं, त्यावर भंडारा. मी बोलायला लागलो तसं त्याने थांबवलं.

"एकल्याचा शबुद देवाला पोचत न्हाई. मंडळींचा हात लागू द्या."

पूजेला जोडप्याने बसतात तेव्हा बायको नवऱ्याच्या हाताला बोट लावते, तसं हिने लावायचं होतं. हिने बोट नाही, सबंध पंजा लावला. दाबून धरला. मग मी म्हणालो की आजपासून तंबाखूला शिवणार नाही.

बायकांत हसू उठलं. सरुबाई, माझ्या चुलतभावाची बायको, म्हणाली, "अगं रतन, तुजा बी हात व्हता. तुजी मिसरी बी गेली की गं."

हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. इथल्या सगळ्या बायका मिसरी लावतात. तंबाखू तव्यावर काळी भाजायची, वाटायची, आणि दिवसातून चार वेळा बोटाने हिरड्यांना घासायची. हीसुद्धा लावते, लग्नाआधीपासून. मी गुरवाकडे पाहिलं.

"तंबाखू ती तंबाखू," गुरव म्हणाला. "वडा न्हाईतर घासा."

कोंडाजीने माझ्या पाठीवर थाप मारली. "झ्याक झालं, मास्तर. जोडीनं सुटती."

घरी आल्यावर तिने मिसरीची डबी चुलीत उपडी केली. ठसका लागून आम्ही दोघे बाहेर आलो. ती हसत होती.

गुरुवार, ६ जुलै

आजचं अक्षर पाहवत नाही.

शनिवार, ८ जुलै

बिडीने माझ्या दिवसाचे तुकडे पाडलेले होते, हे आता कळतं. उठल्यावर एक. शाळा उघडण्याआधी एक. हजेरी झाल्यावर, मुलं पाढे म्हणत असताना, मागच्या दारात एक. तुकडा संपला की पुढचा सुरू व्हायचा. आता दिवस एकसंध आहे. त्याला कुठून धरावं ते कळत नाही.

आज तिसरीतल्या एका मुलाला मारलं. त्याने पाटी पाडली होती. पाटी फुटलीसुद्धा नव्हती.

मंगळवार, ११ जुलै

संध्याकाळी देवळाकडे गेलो. पायरीवर कोंडाजी, गुरव आणि मला अजून दत्तोबा म्हणणारा भिमाजी असे बसले होते. मला पाहिलं आणि भिमाजीने चिलीम घोंगडीखाली सारली. आम्ही पावसाचं बोललो, भाताच्या आवणीचं बोललो. घोंगडीतून धूर येत होता. कुणी त्याच्याकडे पाहायला तयार नव्हतं.

"भिमाजी, तू जळतोयस," मी म्हणालो.

"न्हाई रं, दत्तोबा. वाफ हाय ती. भिजलेली घोंगडी."

कोंडाजी हसत सुटला, पण लगेच उठला. त्याच्याबरोबर गुरवही उठला. जाताना कोंडाजी म्हणाला, "मास्तर, आमी ठरवलंय. तुमी हाय तवर चिलीम भाईर काडायची न्हाई. आमचा बी तुमाला हातभार."

म्हणजे मी आलो की ते उठणार. भावकीने वाळीत टाकलेल्या माणसाला चिलीम देत नाहीत. मला ती माझ्या भल्यासाठी देत नाहीत. पायरीवर बसल्यावर फरक समजत नाही.

गुरुवार, १३ जुलै

नको हे.

शनिवार, १५ जुलै

एक नवीन गोष्ट. भूक लागते आहे. इतकी वर्षं बिडी आणि चहा यांवर दुपार निघायची. आता शाळेत बसल्या बसल्या भाकरी दिसते. तोंडाला चव आली आहे. काल कुर्डूची भाजी खाल्ली, तर तिला वास आहे हे मला चाळिसाव्या वर्षी कळलं.

हिला सांगितलं तर तिचा चेहरा फुलला. "डागदर म्हनलं व्हतं. भूक लागली म्हंजे अंग भरतंय." तिने आणखी वाढलं. मी खाल्लं.

दिवस वाईट आहेत खरे. गेल्या सुगीचं भात सरकारच्या लेव्हीत गेलं. कणगी रिकामी आहे आणि सगळं गाव रेशनच्या तांदळाच्या कणीवर आहे. आवणीच्या दिवसांत मावळात कुणाकडेच काही नसतं, यंदा त्याहून नाही. पण आमच्याकडे दोनच माणसं. भागतं.

मी पडवीत बसून हे लिहितो आहे. ही आत जेवते आहे. पातेलं खरवडल्याचा आवाज येतो आहे. बायकांचं जेवण किती पटकन आटोपतं.

बुधवार, १९ जुलै

हिचं डोकं दुखतं. मी म्हटलं, माझंही दुखतं. तिला माझं काय चाललं आहे याची कल्पना नाही. रात्री मी तळमळतो आणि ती भिंतीकडे तोंड करून निजते. हल्ली ती चिडतेही. आज पाण्याचा हंडा उतरवताना तिचा हात सुटला, हंडा आपटला, तर हंड्यालाच शिव्या घातल्या. मिसरीचा त्रास असणार. पण मिसरी म्हणजे काय, दात घासायची वस्तू. माझी वीस वर्षांची बिडी.

सरुबाई विस्तव मागायला आली होती. मला म्हणाली, "भावजी, तुमच्या बिडीनं छाती जळती, आमच्या मिसरीनं भूक मरती. आवणीचं दोन म्हयनं बायका तिच्यावर तर काडत्यात. रतनची तेवडी शपथ सोडवा की."

ही आतून ओरडली, "ए बाई, तुजा इस्तू घे आनि जा!"

सरुबाईला प्रत्येक गोष्टीची थट्टा सुचते.

शनिवार, २२ जुलै

हे लिहू की नको, असं झालं आहे.

रेशन आणायला कामशेतला गेलो. कणीची पिशवी घेतली आणि सवयीने पाय हौशीरामच्या दुकानाकडे वळले. मी काही मागितलं नाही. नुसता उभा राहिलो. हौशीराम बिड्यांच्या कट्ट्यांवर फडकं टाकत म्हणाला, "मास्तर, कोंडाजी सांगून गेलाय. तुमाला बिडी दिली तर आख्खं बेडसं माजं दुकान तोडनार. काडीपेटी बी मागू नका." दुकानातली माणसं हसली. प्रेमानेच हसली. एक म्हातारा म्हणाला, "धीर धरा, मास्तर." माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी स्टेशनावर येऊन बसलो.

लष्कराची गाडी उभी होती. खिडकीतून एका गोऱ्या शिपायाने सिगारेट फेकली. अर्धीसुद्धा ओढलेली नव्हती. रुळाशेजारच्या खडीवर पडली आणि पावसात विझायला लागली. मी फलाटावरून खाली उतरलो. मी शिक्षक आहे, मला या भागात सगळे ओळखतात. मी वाकलो आणि उचलली.

गोड होती.

रविवार, २३ जुलै

हिला सांगितलं. ती सूप घेऊन कणीतले खडे काढत होती. तिने हात थांबवला नाही.

"सगळी वडलीत?"

"होती तेवढी."

"बरं वाटलं?"

"हो."

थोडा वेळ सुपाचा आवाज येत राहिला. मग ती उठली आणि मला घेऊन गेणू गुरवाकडे गेली. मी तिथेही सांगितलं. गुरवाने कानाला हात लावले.

"मास्तर, भंडारा उचलून मोडला म्हंजे घरावर येतं. तुमच्यावर न्हाईतर मंडळींवर. उद्या श्रावणातला सोमवार. इथून पुडं सोमवार आनि शनवार दोघांनी कडक धरा. पान्याबिगर काय न्हाई. सरावन सरंस्तवर."

"ह्यांच्या छातीला उपास सोसायचा न्हाई," ही म्हणाली. "डागदरनं खायला सांगितलंय. ह्यांचं बी मी धरते. सोमवार माजा, शनवार ह्यांच्या वाटचा."

गुरवाने विचार केला. "चालंल. बायकूचं नवऱ्याला लागतं."

मला सुटल्यासारखं वाटलं. ही गोष्ट मी इथे लिहून ठेवतो. मला सुटल्यासारखं वाटलं.

सोमवार, २४ जुलै

तिचा उपास. मी जेवलो. तिने समोर बसून वाढलं. ताटात कमी घेऊ लागलो तर म्हणाली, "मग माजा उपास कशापायी?"

शुक्रवार, २८ जुलै

बिडीशिवाय आणखी वीस-तीस वर्षं जगायचं आहे. कशासाठी, ते डॉक्टरांनी सांगितलेलं नाही. मला कुणाला वाढवायचं नाही. शाळेतली मुलं चौथी झाली की गुरांमागे जातात आणि दोन वर्षांत अक्षरं विसरतात. जी गोष्ट मला हवीशी वाटत होती ती काढून घेतली, आणि तिच्या जागी आयुष्य दिलं. लोक रस्त्यात थांबवून विचारतात, "सुटली का, मास्तर?" त्यांच्या तोंडावर इतका आनंद असतो की मी हो म्हणतो.

हिच्याशी यातलं बोलता येत नाही. ती सकाळी आवणीला जाते, संध्याकाळी येते, चुलीपुढे बसल्या बसल्या तिचे डोळे मिटतात. आज आमच्या खाचराची आवणी, उद्या सरुबाईच्या, परवा कोंडाजीच्या. बायका एकमेकींच्या खाचरात उतरतात, तेव्हा कुठे गावाचं भात लागतं. तिथे कडेला बसून सगळ्या मिसरी लावतात. ही बांधावर त्यांच्याकडे पाठ करून बसते, असं ऐकलं. मानी आहे.

रविवार, ३० जुलै

काल दुपारी शाळा सुटल्यावर लोणावळ्याला गेलो. डॉक्टरांनी काट्यावर उभं केलं. वजन वाढलं आहे. छातीत घरघर नाही. सिगारेटचं मी त्यांना सांगितलं नाही. ते म्हणाले, "मला वाटलं नव्हतं. निम्मे लोक आठ दिवसांत परत ओढायला लागतात. घरात जाऊन सांगा, तुम्हाला त्यांनी वाचवलं."

घरी येऊन सांगितलं. शनिवार होता, म्हणजे माझ्या वाटचा उपास. ती माझ्यासाठी पिठलं करत होती. तिने मान वर केली आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"गालावर मांस आलंय," ती म्हणाली.

आज कोंडाजीही तेच म्हणाला. "मास्तर, नवरदेव दिसाय लागला. वयनींनी काय चारलंय काय!"

गुरुवार, ३ ऑगस्ट

ही कोंडाजीच्या खाचरात पडली. बायका ओळीने वाकून रोपं लावत होत्या. ही वाकली ती तोंडावरच गेली. गुडघाभर चिखल. सरुबाईने केसांना धरून ओढून काढलं, नाहीतर तिथेच गुदमरली असती.

मी शाळेतून धावत गेलो तेव्हा तिला बांधावर बसवलं होतं. नाकातोंडात चिखल. "पाय घसरला," ती म्हणाली. "पोरं सोडून कशाला आलात?"

गुऱ्हाळावर पकडलेल्या चोरासारखं मला सगळ्यांसमोर उभं केलं आहे असं वाटत होतं. सिगारेटचं गुरवाकडून गावभर झालेलं आहे. घरावर येतं, असं तो म्हणाला होता.

सरुबाईने मला बाजूला घेतलं. थट्टेतलं काही नव्हतं तिच्या तोंडावर.

"भावजी, ती जेवती का?"

"जेवते."

"तुमी बघितलंत?"

"मी रोज पडवीतून ऐकतो."

तिने पदर खोचला. बांधावरून उतरून परत ओळीत जाऊन वाकली.

शनिवार, ५ ऑगस्ट

तिला परवापासून ताप आहे. मी कामशेतहून रेशन आणलं. निजून राहा म्हटलं तर ऐकलं नाही. पिशवी आत नेली, बराच वेळ आत बसून होती. मग येऊन मला वाढलं. उपास मोडला नाही. मी सांगून पाहिलं. म्हणाली, "सिग्रेट वडलीत तवा सांगितलं व्हतं का मला?"

पहिल्यांदाच बोलली त्याबद्दल.

सोमवार, ७ ऑगस्ट

ताप उतरत नाही. शाळा बंद ठेवली. गुरवाने अंगारा दिला. म्हणाला, आजचा एक पाळा, पुढचा एक, की श्रावण सरत आला.

सरुबाई पदराआड मिसरी घेऊन आली होती. मला वाटलं तिला कळत नाही मी दारात आहे.

"एवडीशी लाव गं. देव काय दातांत बगतो का? पोटातली आग तरी मरंल."

हिने तोंड फिरवलं. "ह्यांची छाती जाईल."

"छाती जात न्हाई. तूच जाशील."

"तू जा घरी, सरू."

मी दारातून बाजूला झालो. देवळात तिने माझा हात कसा धरला होता ते आठवलं. मला तिचा अभिमान वाटला. अशी बाई गावात दुसरी नाही, असं मनात आलं. आणि याच वेळी, तिची ही दशा समोर असताना, मला बिडीची आठवण आली. इतकी की भिंत धरून उभा राहिलो.

बुधवार, ९ ऑगस्ट. लोणावळा.

सकाळी ती बोलेना. कोंडाजीने बाज आणली, डोंगराकडच्या वाडीवरून शिदू आणि नवशा यांना बोलावलं. ते दोघे आणि भिमाजी आणि कोंडाजी अशा चौघांनी स्टेशनापर्यंत बाज उचलली. पावसासाठी वरून इरली धरली. चढावर मी खांदा द्यायला पुढे झालो.

शिदू म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, मास्तर. वजान न्हाईच."

डॉक्टरांनी तिच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. दंड बोटांत धरून पाहिला. दोन बोटांत मावला.

"या पोटभर कधी जेवल्या होत्या?"

"रोज जेवते. श्रावणाचे उपास सोडले तर."

"तुम्ही पाहिलंत?"

"बायका मागून जेवतात," मी म्हणालो. डॉक्टर ब्राह्मण आहेत, पण त्यांच्याकडे तरी काय वेगळं असतं?

त्यांनी हात धुतले. ताप मलेरियाचा आहे म्हणाले, पण तो टिकायला अंगात काही लागतं. पेज, दूध, चमच्याने. मग सवयीने म्हणा, मी समोर होतो म्हणून म्हणा, त्यांनी नळी माझ्याच छातीवर ठेवली.

"स्वच्छ आहे," ते म्हणाले. आवाजात काही नव्हतं.

दिवसभर रुग्ण पाहून थकलेले असतील.

गुरुवार, १० ऑगस्ट

दूध पोटात ठरत नाही. दुपारी तिने डोळे उघडले. पुटपुटली. मी कान जवळ नेला. ती विचारत होती, मी जेवलो का.

जेवलो होतो. कोंडाजीच्या बायकोने भाकरी पाठवली होती.

शुक्रवार, ११ ऑगस्ट

रतन गेली. दुपारी.

गुरुवार, १७ ऑगस्ट. बेडसे.

माणसं येतात, पडवीत बसतात, उठून जातात. काल कोंडाजी, भिमाजी आणि गुरव संध्याकाळी आले. कोंडाजीने चिलीम भरली, पेटवली, आणि एक झुरका घेऊन माझ्यापुढे धरली. महिनाभर जी लपवत होते ती.

"घ्या, मास्तर. आता देव बी काय म्हनायचा न्हाई."

भिमाजी दुसरीकडे पाहत होता. गुरव खाली पाहत होता.

मी थांबलो. आता येईल, असं वाटलं. ती ओढ, जी भिंत धरायला लावत होती. आली नाही. चिलमीतून धूर येत होता आणि मला तो चुलीच्या धुरासारखा धूर वाटत होता.

"नको," मी म्हणालो.

कोंडाजी रडायला लागला. "काय माणूस हाय," तो इतरांना म्हणाला. "सोडली ती सोडली."

सुटली आहे. ज्याला सांगायचं, ते माणूस नाही.

शनिवार, १९ ऑगस्ट

श्रावण संपला. गुरवाने सांगितलेले सगळे उपास झाले असते.

सिगारेटमुळे झालं असं गाव म्हणत नाही, पण समजतं. मीही तसंच समजतो. तो दोष निदान मला उचलता येण्याजोगा आहे.

शुक्रवार, २५ ऑगस्ट

तेरावं झालं. पाहुणे गेले. सुतकात घरात चूल पेटत नाही, इतके दिवस भावकीतून ताट येत होतं. आज सरुबाई सकाळी येऊन म्हणाली, "आता पेटवा, भावजी. चूल गार ठिवू नये."

मला कणी कुठे असते तेही माहीत नव्हतं. तिने उतरंडीतलं मधलं मडकं काढून दिलं. आत पुरचुंड्या होत्या. जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत बांधलेल्या, सगळ्या एका मापाच्या.

"रेशान आलं की लगेच बांदून ठिवायची," सरुबाई म्हणाली. "मधीच सपू नये म्हनून. सांजच्याला एक सोडायची."

"एक दोघांना?"

"दोघांना."

ती जायला निघाली. दारात थांबली, मागे वळून मडक्याकडे पाहिलं आणि गेली.

संध्याकाळी एक पुरचुंडी सोडली. कणी निवडली, धुतली. पाणी किती घालायचं ते कळेना, जास्त झालं. बराच वेळ लाकडं पेटेनात. शिजल्यावर अर्धी ताटात घेतली. एकटा माणूस, अर्धी सकाळी होईल, असा हिशेब केला. मीठ घालून खाल्ली. भूक तशीच होती. मग उरलेल्यातली थोडी घेतली. मग आणखी थोडी. मग पातेलं ताटात उपडं केलं.

सगळी संपली. ती वाढायची तेव्हा भरायचं तेवढंच पोट भरलं. जास्त नाही.